कोकणच्या किनाऱ्याने, एकट्याने

प्रवासास निघालेल्या मनुष्यास आमच्या घरांतून पहिला प्रश्न विचारतात तो ‘कोठे निघालात?’ हा नव्हे. ‘बरोबर कोण आहे?’ हा होय. बरोबर कोणी नाही असे उत्तर मिळाले की विचारणाराचा चेहरा किंचित उतरतो. घरात काही बिनसले आहे काय, प्रकृतीचे काही आहे काय, की एखाद्या कज्जाखटल्यासाठी जावे लागत आहे, असे तर्क त्याच्या मनात सुरू होतात. यात त्याचा दोष नाही. आमची यात्रा संघाने, वारी दिंडीने आणि लग्नकार्यास जाणे वऱ्हाडाने, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. तिघांनी मिळून निघू नये म्हणून खिशात एक सुपारी घालून तिला चौथा सोबती समजणारे वडीलधारे आम्ही स्वतः पाहिले आहेत. ज्या समाजात सुपारीसही सोबतीला नेतात तेथे एकट्याने निघणे चमत्कारिक वाटावे हे साहजिकच आहे.

गंमत अशी की, थोरांच्या चरित्रांत हाच एकटेपणा आम्ही मोठ्या कौतुकाने वाचतो. श्रीसमर्थांनी बारा वर्षे देश पायाखाली घातला ही परंपरेने सांगितलेली कथा मुलांस ऐकवितो. १८८३ साली आनंदीबाई जोशी पतीस मागे ठेवून, परक्या बायांच्या सोबतीने आगबोटीत बसून अमेरिकेस गेल्या, हे सांगताना आमचा ऊर भरून येतो. आणि त्याच ऊरात, घरच्या पदवीधर मुलीने चार दिवस एकटीने कोठे जाऊन येण्याची गोष्ट काढली की, धस्स होते! या दोहोंचा मेळ कसा घालावा हा प्रश्न आमच्या घरात गेल्या वर्षी प्रत्यक्षच उभा राहिला. त्याची हकीकत पुढे येईलच. त्याआधी आम्ही स्वतः केलेल्या एका आठ दिवसांच्या प्रवासाविषयी लिहावयाचे आहे.

हा प्रवास अलिबागपासून जयगडपर्यंतच्या किनाऱ्याचा. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते याच पट्ट्यात आहेत. हरिहरेश्वर, केळशीची महालक्ष्मी, गुहागरचा व्याडेश्वर आणि दुर्गादेवी, वेळणेश्वर ही नावे ज्यांच्या घरी देवघरात रोज उच्चारली जातात, त्यांस या प्रांताची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु तेथे आपण जातो ते कसे? भाड्याची मोटार, तीत चौदा माणसे, खाली डबे आणि वर सामान. देवळात अर्धा तास, जेवणास दीड तास, आणि उरलेला वेळ माणसे मोजण्यात. आम्हीही याच रीतीने तीन वेळा गेलो होतो आणि तिन्ही वेळा किनाऱ्यावरील एकाही मनुष्याशी, पुजारी व खानावळवाले सोडून, चार वाक्ये बोललो नव्हतो. मागील मार्गशीर्षात आम्ही एकटेच निघालो. (लेखनात ‘आम्ही’ म्हणण्याची रीत आहे, तिकीट मात्र एकच काढले होते.) वाहन म्हणजे राज्य परिवहनाची गाडी, खाडी आली की होडी किंवा फेरीबोट, आणि मधले अंतर थोडे असेल तर पाय.

या किनाऱ्यावर एकट्याने जाणाराने पहिली गोष्ट शिकावयाची ती भरतीओहोटीची. समुद्राचे हे वेळापत्रक आमच्या घरच्या पंचांगातच असते, फक्त ते वाचण्याची युक्ती ठाऊक हवी. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात. येणारा आकडा हा त्या दिवशीच्या पूर्ण भरतीचा सुमाराचा तास. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास पाणी चढलेले, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी व रात्री सव्वानवाच्या आसपास, ते उतरलेले. अष्टमीस भरती सहाला, अमावास्या-पौर्णिमेस बाराला. कृष्णपक्षात पुन्हा एकपासून मोजावयाचे. रोज ही वेळ पाऊण तासापेक्षा किंचित अधिक पुढे सरकते, कारण चंद्रच तितका उशिरा येतो. अमावास्या व पौर्णिमा यांच्या लगतच्या दिवसांत उधाण असते, पाणी फार चढते व फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार बेताचा. हा हिशेब ढोबळ आहे, घड्याळाच्या मिनिटाचा नाही. म्हणून तो मनाशी करावा आणि मग जागेवरच्या कोळ्यास विचारून पक्का करावा. कोळ्यास विचारण्याचे हे निमित्त मिळते हाही त्या हिशेबाचा एक लाभच.

अलिबागचा कुलाबा किल्ला पाहावयास आम्ही मुद्दाम चतुर्थीची सकाळ धरली होती. ओहोटी लागली की किनाऱ्यावरून चालत त्या किल्ल्यात जाता येते. आत गोड्या पाण्याची विहीर आहे आणि रघूजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. पाण्याने वेढलेल्या त्या तटांच्या आत सकाळच्या वेळी जी शांतता असते ती सोबतीने गेलेल्यांस मिळत नाही, कारण ती ते स्वतःच घालवितात. आम्ही आत शिरताना वाटेत जाळे सोडवीत बसलेल्या एका म्हाताऱ्यास ‘आत चाललो आहे’ एवढे सहज सांगितले. तासाभराने तोच म्हातारा तटाखाली येऊन हाका मारू लागला, ‘ओ पाव्हणं, पाणी फिरलं!’ पाणी भरावयास अद्याप अवकाश होता आणि आम्हांसही ते ठाऊक होते. परंतु ज्यास आमचे नाव-गाव माहीत नाही अशा मनुष्याने आमचा हिशेब ठेविला होता. तेथून पुढे जयगडपर्यंत हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांनी आमच्या अनुभवास आली, आणि या लेखात सांगण्याजोगे आमच्याजवळ जे काही आहे ते मुख्यतः हेच. एकटा मनुष्य वाटेवरील माणसांच्या हवाली होतो. घोळका कोणाच्याच हवाली होत नाही; त्यास वाटते, आपण आपले पुरेसे आहो.

हरिहरेश्वरास हे विशेष दिसून आले. तेथे प्रथम काळभैरवाचे दर्शन घेऊन मग हरिहरेश्वराचे घ्यावयाचे, व पुन्हा काळभैरवाकडे यावयाचे अशी रीत आहे. देवळामागील डोंगराची प्रदक्षिणा प्रसिद्धच आहे. कड्याच्या चिरेतून पायऱ्या उतरून मनुष्य एकदम समुद्राच्या खडकावर येतो. लाटांनी आणि वाऱ्याने त्या खडकास मधाच्या पोळ्याप्रमाणे घरे पडली आहेत. हा मार्ग ओहोटीचा आहे, भरतीत तो बंदच समजला पाहिजे. या खडकावरून माणसे वाहून गेल्याची उदाहरणे घडलेली आहेत. आम्ही षष्ठीस गेलो. सहाची पाऊणपट साडेचार, तेव्हा ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. दहास देवळापाशी पुजाऱ्यांस विचारले; ‘आता खुशाल जा, पण साडेअकरापर्यंत वर या आणि मला दिसून जा,’ असे ते म्हणाले. खाली एक मोठे कुटुंब होते. त्यांतील तरुण मंडळी समुद्राकडे पाठ करून स्वतःची छायाचित्रे घेण्यात गुंतली होती. वडील मंडळी, तरुण मंडळी पाहत आहेत अशा समजुतीने निर्धास्त होती. आणि समुद्राकडे त्या वीसांपैकी एकाचेही लक्ष नव्हते. एकटा मनुष्य समुद्राकडे पाठ करीत नाही. त्याच्याकडे पाहणारे दुसरे कोणी नसते हे त्याच्या पक्के ध्यानात असते.

सोबत म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण आमच्या मनात इतके रुजले आहे की या किनाऱ्याचा इतिहासही ते हलवू शकत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट बुडाली, तीत सहाशेंहून अधिक माणसे गेली. अमावास्येच्या सणासाठी घरी निघालेली ती माणसे होती; गर्दीत, एकमेकांच्या ओळखीत, सोबतीने. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना दगडी पूल महापुरात वाहून गेला, तेव्हा राज्य परिवहनाच्या दोन गाड्या उतारूंसह नदीत गेल्या. या दोन्ही प्रसंगी कोणाची चूक किती, हा विषय निराळा आहे. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, पाऊस, पूर आणि समुद्र यांच्यापुढे माणसांची संख्या कामास येत नाही, ऋतू व वेळ यांची निवड येते. जून ते ऑगस्ट लहान लाँची बंद असतात त्यास कारण आहे. त्या दिवसांत या किनाऱ्याने रात्रीचा प्रवास एकट्याने करू नये आणि दहाजणांनीही करू नये.

दिघीची खाडी ओलांडून श्रीवर्धन, आणि हरिहरेश्वराहून बागमांडल्यास येऊन वेशवीस पलीकडे, असे आम्ही उतरत गेलो. मोटारी नेणाऱ्या ज्या फेरीबोटीस तिकडे ‘जंगलजेट्टी’ म्हणतात, तिच्यावर पायी उतारू फार थोडे असतात. मोटारीतील मंडळी मोटारीतच बसून राहतात. कठड्यापाशी उभ्या असतात त्या मासळीच्या टोपल्या घेतलेल्या कोळिणी, शाळेची मुले आणि आमच्यासारखा एखादा. या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. पूल झाले की तासाचे अंतर पाच मिनिटांवर येईल आणि आजाऱ्यास दवाखान्यात लवकर नेता येईल, तेव्हा पुलाविरुद्ध बोलणे आमच्या मनात नाही. फेरीबोटीवरील ते कठड्यापाशी उभे राहणे मात्र जाईल.

वाटेत एका गावी आम्हांस खोली नाकारण्यात आली. खोल्या रिकाम्या होत्या, परंतु ‘एकट्या माणसास देत नाही, पुढे काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ असे मालकाने स्वच्छ सांगितले. वादविवाद करण्यात अर्थ नव्हता, दिवेलागण व्हावयाची होती. आम्ही स्थानकावर परत आलो आणि वाहतूक नियंत्रकास अडचण सांगितली. त्याने खिडकीतूनच एका चहावाल्यास हाक मारली, चहावाल्याने आपल्या मेहुण्यास दूरध्वनी केला, आणि अर्ध्या तासात आम्ही एका घरी माडीवर बिऱ्हाड मांडून होतो. एकट्याने जाणाराने सूर्यास्तापूर्वी मुक्कामाचे गाव गाठावे, हा जुना दंडक आम्ही पाळला होता म्हणूनच हे जमले. काळोखात चहावाल्याचा मेहुणा सापडला नसता.

केळशीस जिच्याकडे उतरलो त्या आजी पंचाहत्तरीच्या. घरगुती जेवण करून घालतात, दोन खोल्या पाहुण्यांस देतात. जेवणाचे पान वाढीपर्यंत त्यांनी आमचे आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, आजोळ व भावाबहिणींची संख्या एवढी माहिती काढून घेतली होती आणि आमच्या एका दूरच्या मावससासूबाईंशी त्यांचे नाते आहे असा शोधही लावला होता. शहरी मनुष्यास ही चौकशी जाचक वाटते. आम्हांसही पहिल्या दिवशी वाटली. परंतु सकाळी निघताना आजींनी आंजर्ल्यास दूरध्वनी केला. ‘आमच्याकडचे एक पाहुणे येताहेत, एकटेच आहेत, कड्यावरच्या गणपतीस जाऊन दुपारी जेवायला येतील. पोचले की कळव हो,’ असे त्या कोणास तरी बजावीत होत्या. आंजर्ल्याच्या घरानेही तीच रीत चालविली. पुढे मुरुड, दाभोळ, गुहागर असे आम्ही जवळजवळ हातोहात पोचविले गेलो. आदल्या सायंकाळी झालेली ती चौकशी म्हणजे या मंडळींचे पारपत्रच होते. ते दिल्यावाचून पुढल्या घरी नाव पोचत नाही. चौदा माणसांची मोटार असती तर आजींनी चौदा पाने वाढली असती, पैसे घेतले असते, आणि गोष्ट तेथेच संपली असती.

दापोलीजवळचे हे मुरुड महर्षी कर्व्यांचे. इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी येथून ते काही सोबत्यांबरोबर साताऱ्यापर्यंत, शंभरावर मैल, पायी गेले. आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेस बसू न देता त्यांस परत पाठविण्यात आले. हा काही एकट्याचा प्रवास नव्हे. परंतु सतरा वर्षांच्या मुलास सह्याद्री ओलांडून जाऊ देणारी घरे याच माडांच्या आगरांत होती, हे तेथे उभे राहिल्यावर ध्यानात येते. आज त्याच घरांच्या पुणे-मुंबईतील शाखा चाळिशीतल्या मनुष्यास ‘पोचल्यावर, निघाल्यावर आणि मध्ये एकदा’ दूरध्वनी करावयास लावतात.

या दूरध्वनीविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. आम्ही घरी असे ठरवून निघालो होतो की रात्री आठ वाजता एकच दूरध्वनी करावयाचा, त्यात त्या दिवशीचे मुक्कामाचे ठिकाण, ज्यांच्याकडे उतरलो त्यांचा क्रमांक आणि उद्याचा बेत सांगावयाचा. दर तासास खुशाली कळविणे ही सावधगिरी नव्हे. ते करणाराचे लक्ष वाटेवर राहत नाही, आणि एकदा का डोंगराआड संपर्क तुटला की घरी विनाकारण आकांत होतो. त्याचप्रमाणे आपण एकटेच अमुक ठिकाणी आहो, हे छायाचित्रांसह सगळ्या जगास जाहीर करण्याची हल्लीची हौसही आम्हांस पसंत नाही. घरच्या दोन माणसांस नक्की ठाऊक असावे आणि परक्या दोनशेंस मुळीच नसावे. घरी परतल्यावर काय दाखवावयाचे ते खुशाल दाखवावे.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण एकट्यास त्या लहान नसतात. शेवटची गाडी ‘वस्तीची’ आहे की परत फिरणारी, हे विचारून ठेवावे. वस्तीची गाडी सायंकाळी गावात येऊन रात्रभर तेथेच राहते व पहाटे निघते, म्हणजे सकाळची सोय नक्की झाली. रोख पैसे दोन ठिकाणी ठेवावे. औषधे आणि ओळखपत्र अंगावरच्या पिशवीत असावे, कारण सामानावर ‘जरा लक्ष ठेव’ असे सांगावयास कोणी नसते. ११२ हा क्रमांक मुलांसही पाठ असावा. कोकणच्या जांभ्या दगडात फुरसे व लाल विंचू पुष्कळ. सड्यावरून अंधारात चालू नये आणि सकाळी पादत्राणे झटकल्याशिवाय पायात घालू नयेत. लाल विंचवाचा दंश पूर्वी प्राणघातक ठरत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा त्यावरील उपयोग दाखवून दिल्यापासून पुष्कळ जीव वाचले आहेत, परंतु त्यासाठी दवाखाना वेळेत गाठावा लागतो. आणि तेथे नेणारे कोणीतरी हवे, म्हणजे पुन्हा शेजारच्या खोलीतील मनुष्याशी बोललेले असावे हे आलेच.

एकटेपणाचे सगळेच गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. खोलीचे भाडे दोघांचे भरावे लागते. जेवणात आवडीनिवडी चालत नाहीत. आणि दिवेलागणीच्या वेळी, परक्या ओटीवर बसले असता, घरची एक विलक्षण हुरहूर लागते. समुद्र काळा होत जातो, कोणाच्या तरी घरात शुभंकरोती चाललेले ऐकू येते, आणि आपण येथे कशासाठी आलो हा प्रश्न पडतो. हर्णैस त्या वेळी आम्ही बंदरावर जाऊन मासळीचा लिलाव पाहिला. आम्हांस मासळीचे काही कळत नाही, परंतु लिलावाची ती झटापट ऐकत उभे राहिलो असता तास सुखाने गेला. ज्यांस ही हुरहूर सोसवत नाही त्यांनी एकट्याने जाऊ नये, आणि त्यात कमीपणाही मानू नये.

दाभोळास चंडिकेचे देऊळ भुयारात आहे. आत दिवा फक्त तेलाचा. बाहेरच्या उन्हातून आत शिरले की काही क्षण काहीच दिसत नाही. घोळक्यात असता असल्या ठिकाणी थट्टा सुरू होते, कोणीतरी मुलास भेवडावते, कोणीतरी दूरध्वनीचा दिवा पेटविते. आम्ही गुरवांच्या मागे, भिंतीस हात लावून, वाकून गेलो. ज्योतीच्या उजेडात देवीचे मुख हळूहळू दिसू लागेपर्यंत तेथे थांबावयास वेळ होता. किती वेळ थांबलो ते सांगता येत नाही. घड्याळ पाहावयास लावणारे कोणी नव्हते.

हेदवीस आम्ही दशमीस पोचलो. तेथील दशभुज गणेशाहून पुढे, समुद्रकाठी, ‘बामणघळ’ म्हणून एक अरुंद चीर खडकात आहे. भरतीचे पाणी तीत शिरून कारंज्याप्रमाणे वर उसळते. एक ब्राह्मण तीत पडला म्हणून हे नाव, असे सांगतात. हरिहरेश्वराच्या उलट, ही जागा भरतीसच पाहावयाची; दशमीची भरती सकाळी साडेसातची. ते दिवस भांगाचे, त्यामुळे पाणी काही फार उंच गेले नाही, पौर्णिमेस याच्या दुप्पट जाते असे बरोबर आलेला मुलगा म्हणाला. त्याने आम्हांस एक दगड दाखविला व ‘याच्या पुढे मी पण जात नाही’ असे बजावले. त्या गावचा, रोजचा, बारा वर्षांचा मुलगा जेथे थांबतो तेथे पाहुण्याने दोन पावले अलीकडे थांबावे. नंतर तवसाळहून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरलो, आणि मालगुंडास केशवसुतांच्या घरी जाऊन परतीची गाडी धरली.

आता घरच्या प्रश्नाकडे वळावयाचे. आम्ही परत येऊन ही हकीकत सांगत असता आमच्या थोरल्या काकू ती फार लक्षपूर्वक ऐकत होत्या. काकूंचे वय ६७. लग्न होऊन आल्यापासून ज्या रात्री त्या घराबाहेर राहिल्या त्या सगळ्या कोणाचे तरी बाळंतपण, आजारपण किंवा कार्य यांनिमित्त. काका जाऊन आठ वर्षे झाली. गुहागरास जाऊन देवाला स्वस्थपणे अभिषेक करावा असे त्यांच्या मनात होते, आणि ‘दिवाळीत मोटारीने नेतो’ असे घरातील कर्ते मुलगे त्यांस सांगत असत. ती दिवाळी चार वर्षे उजाडली नव्हती. आम्ही आल्यावर तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर त्या म्हणाल्या, ‘मीही एकटीच जाऊन येते.’

घरात बैठक बसली. विरोध केवळ अडाणीपणाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्त्रीने एकटे जाणे आणि पुरुषाने जाणे यांत अंतर आहे, आणि ते समुद्रामुळे नव्हे, पुरुषांमुळे आहे. हे नाकारून सावधगिरीच्या गोष्टी बोलणे व्यर्थ. तरण्या मुलीस तर हे अंतर पदोपदी जाणवते. स्थानकावर बायकांच्या घोळक्यात उभे राहणे, वाहकाच्या जवळची जागा धरणे, परक्याने जास्त विचारपूस केली तर ‘भाऊ पुढल्या गावी न्यावयास आला आहे’ असे सांगणे, या युक्त्या तिला आपण होऊन शिकाव्या लागतात. अशा प्रसंगी हे खोटे बोलणे आम्ही पाप समजत नाही. परंतु बैठकीत जो मुद्दा खरोखर मोठा होता तो कोणी बोलून दाखवीत नव्हते, तो धाकट्या सूनबाईंनी काढला. काकूंस काही होईल ही भीती जितकी आहे तितकीच, लोक आपणांस ‘म्हातारीस एकटे पाठविले’ म्हणतील हीही आहे, असे त्या म्हणाल्या. काही वेळ कोणी बोलले नाही.

अखेर अटी ठरल्या. गाडी दिवसाची. उतरावयाचे ते आम्ही ज्यांच्याकडे राहिलो होतो त्याच घरी. रात्री आठास दूरध्वनी. गुडघ्याचे औषध व पट्टा पिशवीत. मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाने बायकांस अर्धे भाडे केले आहे, आणि ७५ वर्षांवरील सर्वांस ऑगस्ट २०२२ पासून भाडेच माफ आहे. ‘आणखी आठ वर्षे थांबले तर फुकट जाईन, पण तोवर थांबवत नाही,’ असे म्हणून काकू गाडीत बसल्या.

पहिल्या रात्री आठास दूरध्वनी आला. दुसऱ्या रात्री आला नाही. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. काकूंचा दूरध्वनी लागेना. मोठ्या चिरंजिवांनी मोटारीची किल्ली हातात घेतली आणि ज्यांनी विरोध केला होता त्यांनी आमच्याकडे पाहावयास सुरुवात केली. आम्ही गुहागरच्या त्या घरी विचारले. यजमानीणबाई हसून म्हणाल्या, ‘त्या ना? ओटीवर बसल्यात आमच्या सासूबाईंबरोबर सुपाऱ्या सोलत. फोन बंद पडलाय त्यांचा, चार्जिंगला लावलाय. बोलावू का?’ काकू बोलावयास आल्या त्या जरा नाखुषीनेच आल्या, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले.

त्या तीन रात्री राहून आल्या. अभिषेक झाला, दुर्गादेवीची ओटी भरली, रोज सायंकाळी समुद्रावर जाऊन बसल्या. आणखी काय केले असे मुलांनी विचारले तेव्हा, ‘दुपारी झोपले,’ असे म्हणाल्या. आणि ते सांगताना त्यांचा चेहरा असा होता की, या घरात चव्वेचाळीस वर्षांत काकू दुपारी झोपल्याचे कोणास आठवते का, याचा आम्ही सर्वांनी मनातल्या मनात शोध घेतला. येताना त्यांनी सुपारीची एक पिशवी आणली आणि यजमानीणबाईंच्या सासूबाईंचा क्रमांक स्वतःच्या हाताने वहीत लिहून आणला.

केळशीच्या महालक्ष्मीचा उत्सव चैत्रात असतो. आमच्याकडून त्या आजींचाही क्रमांक काकूंनी मागून घेतला आहे, आणि खिळ्यावरचे पंचांग सध्या त्यांच्या खोलीत आहे.